पोतेरं कोणी धरायचं?



जिल्हा बैठकीच्या या पत्रकात कापसाच्या भावावर लिहायचे ठरले होते. मजकूर तयार आहे, पुढच्या वेळी येईल. आज दुसरी गोष्ट मांडायची आहे. ती मांडताना आम्हालाच लाज वाटते, म्हणून ती इतकी वर्षे राहून गेली.

हदगाव तालुक्यातल्या एका गावी आम्ही चौघे गेलो होतो. घरचा कर्ता माणूस औषध पिऊन गेला त्याला तीन दिवस झाले होते. घर माळवदाचे, पुढे ओसरी, ओसरीच्या कोपऱ्यात भाव वाढेल म्हणून ठेवलेला कापूस. आम्ही रीतीप्रमाणे सतरंजीवर बसलो. सोसायटीचे किती, बँकेचे किती, बाहेरचे किती, सगळे विचारून वहीत उतरवले. कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेण्याचा शब्द दिला आणि उठलो. दारात त्याची आई उभी होती. ती म्हणाली, "समदे आले बाप्पा. पोलीस आले, तलाठी आला, फोटूवाले आले, तुम्ही बी आलात. पण पोतेरं कोणी हाती धरलं न्हाई. माझ्या सुनंनंच धरलं."

सुनेने त्याच रात्री, नवऱ्याला दवाखान्यात नेल्यावर, त्याच्या उलटीने भरलेली जमीन उघड्या हाताने पुसली होती, वर शेणाने सारवली होती, आणि त्याची वाकळ-धोतर घरामागे बसून धुतले होते. तेव्हापासून तिचे डोके दुखत होते, तोंडाला पाणी सुटत होते, समोरचे नीट दिसत नव्हते. घरचे म्हणत होते, रडून रडून असे झाले. आम्हाला शंका आली म्हणून दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या आणि तपासणी पुरी व्हायच्या आत तिचे लुगडे बदलून हातपाय साबणाने धुवायला लावले. बाई वाचली. पण दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला पोलीस आले तेव्हा जागा सारवलेली होती आणि डबा उकिरड्यावर गेला होता. तेवढ्यावरून पुढे तिच्या कागदाला किती महिने फाटे फुटले ते आम्ही डोळ्यांनी पाहिले.

म्हणजे त्या बाईने घर स्वच्छ केले, त्यात तिचा जीव जाता जाता वाचला आणि तिचा हक्कही अडकला. आणि आम्ही सतरंजीवर बसून व्याजाचा हिशेब करत होतो.

अमेरिकेत, जपानात अशा कामाच्या कंपन्या असतात म्हणे. घरात कोणी जिवाचे बरेवाईट केले की त्या येतात, अंगभर पोशाख घालून घर धुतात, बिल लावून जातात. आपल्याकडे तसे कोणी नाही. पोलीस पंचनामा करून जातात, पुसणे त्यांचे काम नाही. दवाखाना शवविच्छेदन करतो, त्याचे काम तिथे संपते. ग्रामपंचायतीच्या कामांच्या यादीत हे नाही. सुतकाच्या नावाने शेजारी उंबऱ्याबाहेर थांबतात. मग जिच्यावर आभाळ कोसळले तीच उरते. काही गावांत लोकांना पटकन दुसरा एक रस्ता सुचतो, "वस्तीतल्या कोणाला तरी बोलवा." हे आम्ही कानाने ऐकले आहे. मेलेले ढोर ओढण्यापासून मयताची वर्दी नेण्यापर्यंतची कामे ज्यांच्या गळ्यात शेकडो वर्षे मारली आणि ज्यांनी ती मान ताठ करून नाकारली, त्यांच्या दारात पुन्हा हेच काम घेऊन जायचे? ज्या भावकीचा माणूस गेला, ज्या सोसायटीचा सभासद गेला, ज्या चळवळीचा बिल्ला त्याने छातीवर लावला, त्यांनी हे काम करायचे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावे भुईसपाट झाली, हजारो माणसे माळवदांच्या मातीखाली गेली. तेव्हा लष्कर आले, डॉक्टर आले, देशभरातून माणसे आली. मढी उचलायला, ढिगारे उपसायला कोणी जात विचारली नाही की सुतक मानले नाही. विभागीय आयुक्त कार्यालयाच्या आकड्यांप्रमाणे २०२३ या एका वर्षात मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत १,०८८ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांत नांदेडचे १७५, लातूरचे ७२. ही घरेसुद्धा पडलीच आहेत. पण एकेक करून, वेगवेगळ्या रात्री पडली, म्हणून तिथे कोणी फावडे घेऊन गेले नाही.

सरकारच्या धोरणाने शेतकरी मरतो हे आम्ही चाळीस वर्षे सांगत आलो आणि सांगत राहू. पण ते सांगताना मोकळ्या झालेल्या घरात उद्या सकाळी काय करायचे हे आम्ही कोणालाच सांगितले नाही. ते आता सांगतो.

आधी एक गोष्ट. माणसात धुगधुगी असेल तर बाकी सगळे सोडा आणि दवाखाना गाठा. १०८ ला फोन करा. गाडीला वेळ लागत असेल तर मिळेल त्या वाहनाने निघा. मिठाचे पाणी पाजून उलटी काढायचा आग्रह धरू नका, त्याने विष छातीत उतरते. भिजलेले कपडे काढा, अंग धुवा, पण हातात रबरी मोजे किंवा निदान प्लॅस्टिकच्या पिशव्या घालून. डबा किंवा त्याचे लेबल बरोबर न्या. कोणते औषध ते कळले की डॉक्टरचा अर्धा वेळ वाचतो. पोलिसांच्या भीतीने घरीच ठेवून घेण्याचा वेडेपणा अजून होतो. ती भीती आता बाळगायची नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरायचे ठरवले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारे जुने ३०९ कलम ठेवलेले नाही. वाचलेल्या माणसाला कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतील म्हणून कोणी दवाखाना टाळू नये.

माणूस गेला असेल तर पंचनामा होईपर्यंत जागेला हात लावायचा नाही. दार ओढून घ्यायचे, लेकरे आणि जनावरे दुसऱ्या घरी न्यायची, पोलीस पाटलाला आणि ठाण्याला कळवायचे. डबा, चिठ्ठी, पेला, जिथे आहे तिथे राहू द्यायचे. ठाण्यात आकस्मिक मृत्यूची नोंद होते, त्या नोंदीचा नंबर आणि तारीख कोणीतरी शाबूत डोक्याच्या माणसाने लिहून घ्यायची. शवविच्छेदन साधारणपणे दिवसाउजेडी होते, तेव्हा संध्याकाळी नेलेले मयत सकाळपर्यंत थांबते, हे घरच्यांना आधी सांगावे. नाहीतर रात्रभर फाटकाशी बसलेल्या बापाला वाटते, आपल्याकडे मुद्दाम कोणी बघत नाही. मयत परत आणायला १०८ येत नाही, ती रुग्णासाठी आहे. गाडीभाडे गावाने वर्गणीतून द्यावे. पंचनामा आणि शवविच्छेदन यांना पैसे लागत नाहीत. कोणी मागितले तर देऊ नका, आम्हाला सांगा.

"फवारताना विष चढले असे लिहून द्या, साप चावला म्हणा, अपघाताचे दोन लाख मिळतील," असा सल्ला देणारे शहाणे प्रत्येक गावात निघतात. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेत दोन लाख मिळतात हे खरे, आत्महत्येला ती योजना नाही हेही खरे. पण पंचनाम्यात एक आणि शवविच्छेदनात दुसरे आले की विधवा दोन्हीकडून जाते. जे घडले तेच सांगावे.

आता साफसफाई. विषाला आपण 'औषध' म्हणतो. त्या शब्दाने आपले फार नुकसान केले आहे, कारण औषधाला कोण भितो? २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर नुसते फवारताना वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यांच्यातल्या कोणी घोट घेतला नव्हता. कातडीतून आणि श्वासातून गेले. जे रानात उघड्या वाऱ्यात जाते ते बंद माळवदात किती जाईल याचा विचार करा.

म्हणून पंचनामा झाल्यावर, पोलिसांना पंचांसमोर विचारून, मगच कामाला हात घालायचा. करणारे दोघे-तिघे धडधाकट गडी असावेत. पोटुशी बाई, लेकुरवाळी, दम्याचा माणूस नको. दारे-खिडक्या, माळवदाचे सवणे उघडून तासभर हवा खेळू द्यावी. हातात जाड रबरी मोजे, पायात गमबूट, अंगात पूर्ण बाह्यांचे जुने कपडे. तोंडाला रुमाल बांधला म्हणजे वास अडतो, विष पूर्ण अडत नाही, तेव्हा थोडे काम करून बाहेर यावे. काम चालू असताना बिडी-तंबाखू बंद.

सांडले आहे त्यावर पहिल्यांदा पाणी ओतू नये, पाण्याने ते पसरते. कोरडी माती किंवा चुलीची राख टाकावी, मुरू द्यावे, फावड्याने भरून जाड पिशवीत घालावे. उलटीचेही असेच. शहाबादी फरशी किंवा कोबा असेल तर धुण्याचा सोडा आणि साबणाच्या पाण्याने घासावे, थोडा वेळ तसेच ठेवून पुसावे, असे दोन-तीनदा करावे. मातीची जमीन असेल तर गोष्ट वेगळी. माती पिते. तिच्यावर सारवले की विष खाली राहते आणि आठ दिवसांनी त्याच जागी रांगते लेकरू बसते. तिथली माती दोन-चार बोटे खोल खरवडून काढावी, नवी माती किंवा मुरूम भरावा, चोपून घ्यावा आणि मग सारवावे. धुतलेले पाणी हौदात, नालीत, विहिरीच्या अंगाला जाऊ देऊ नये. घरापासून लांब खड्डा घेऊन त्यात घालावे. भरलेली पिशवीही विहीर, बोअर, ओढा यांपासून दूर खोल पुरावी.

धुवायला पाणी लागते, आणि आपल्याकडे माणसे जातात तीही बहुधा पाणी नसलेल्या वर्षी. २०१६ च्या एप्रिलात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. टँकरच्या दोन घागरींवर दिवस काढणारी बाई घर धुणार कशाने? अशा वेळी गल्लीतल्या प्रत्येक घराने एकेक घागर त्या दारी नेऊन ठेवावी. साखरेचे पुडे नंतर न्या.

त्याचे कपडे, वाकळ, उशी विषाने भिजली असतील तर ती धुवून वापरू नयेत, जाळू नयेत, कारण धुरातूनही विष येते. पिशवीत घालून पुरावीत. मयताची कपडे-अंथरुणे गरिबाला देऊन टाकायची आपल्यात रीत आहे. ही अंथरुणे देऊ नका, ते दान नव्हे. नुसता डाग लागलेला कपडा वेगळा, मोजे घालून, दोनदा धुवून उन्हात वाळवावा. ज्या खोलीत सांडले तिथे ज्वारीची पोती असतील तर ओली झालेली पोती बाजूला काढावीत. ती ज्वारी खाण्यात नको, जनावराला नको, कोंबडीला नको. मन होत नाही हे आम्हाला कळते. वर्षाची भाकर आहे ती. म्हणून तेवढे धान्य गावाने भरून द्यावे, आणि भरून देतो हे आधी सांगावे, म्हणजे माय ते पोते लपवून ठेवणार नाही. कापसाचेही तेच. शिंतोडे उडालेला कापूस वेगळा काढावा, त्यावर कोणाला झोपू देऊ नये. ओसरीतल्या कापसावर लेकरे झोपतातच.

मयताला आंघोळ घालणाऱ्यांनीही मोजे घालावेत. शवविच्छेदनाहून बांधून आलेले मयत सोडू नये, वरून पाणी शिंपडले तरी रीत होते. काम झाल्यावर सगळ्यांनी साबणाने अंघोळ करावी. कोणाला मळमळ, दरदरून घाम, लाळ, अंधुक दिसणे असे काही झाले तर दुःखाने झाले म्हणून बसू नये, दवाखान्यात जावे.

आणि त्याच दिवशी घरातली बाकीची औषधे बाहेर न्यावीत. माळवदाच्या खुंटीला, कणगीमागे, बाजेखाली अर्धे-मुर्धे डबे असतात. ज्या घरात एक गेला तिथे दुसऱ्याच्या मनातही तेच घोळत असते. बापाच्या, भावाच्या, कधी कॉलेजात शिकणाऱ्या पोराच्या. श्रीलंकेने १९९५ पासून सर्वांत जहाल औषधे टप्प्याटप्प्याने बंद केली. पुढच्या वीस वर्षांत तिथल्या आत्महत्यांचे प्रमाण निम्म्याहून खाली आले आणि पिकाचा उतारा त्यामुळे घटल्याचे दिसले नाही. शेतकऱ्याने कोणते बी पेरावे आणि काय फवारावे हे सरकारने ठरवू नये असे म्हणणाऱ्यांतले आम्ही आहोत. तरीही ही गोष्ट आम्हाला गप्प करते. हाताशी विष नसेल तर ती एक वाईट घटका टळते, आणि टळलेली घटका बहुतेकांना पुन्हा येत नाही. बंदीवर वाद घालू, पण पत्र्याच्या पेटीला कुलूप लावायला आणि किल्ली शेजाऱ्याकडे ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही.

कागदांचा भाग आम्हाला नीट सांगावा लागेल, कारण दहावा-तेरावा होईपर्यंत कोणी कागदाचे नाव काढत नाही आणि नेमका तोच वेळ महत्त्वाचा असतो.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. पुढे विलंब, फी, परवानगी असे फेरे वाढत जातात आणि वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते. आपला माणूस हदगावचा असला तरी जीव नांदेडच्या किंवा लातूरच्या दवाखान्यात गेला असेल तर दाखला त्या महापालिकेकडून घ्यावा लागतो. ग्रामसेवकाच्या दारात महिना घालवलेल्या बाया आम्ही पाहिल्या आहेत. दाखल्याच्या निदान दहा प्रती घ्या.

मदतीचा सरकारी निर्णय २३ जानेवारी २००६ चा. रक्कम एक लाख. त्यातले ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. नावावर किंवा घरच्यांच्या नावावर जमीन असावी, कर्ज राष्ट्रीयीकृत बँकेचे, सहकारी बँकेचे, सोसायटीचे किंवा परवाना असलेल्या सावकाराचे असावे, वसुलीचा तगादा असावा, या कसोट्यांवर कलेक्टरची समिती पात्र-अपात्र ठरवते. ठोक्याने किंवा बटईने करणारा बसत नाही, कारण सातबारा दुसऱ्याचा. बिनपरवान्याच्या सावकाराचे कर्ज बसत नाही, आणि खेड्यात परवानावाला सावकार शोधून दाखवा! बाई गेली तर कागदावर ती शेतकरी नसते, 'घरकाम' असते. या कसोट्यांविरुद्ध लढायचे आहेच. पण तोवर बँकेच्या नोटिसा, सोसायटीचे पासबुक, सातबारा, आठ-अ, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल हे एका पिशवीत जमवायचे. दुःखात माणसे नोटिसा चुलीत घालतात. तगाद्याचा पुरावा तोच असतो.

बँकेचे पासबुक उघडून बघा. मे-जूनच्या सुमारास ४३६ रुपये कापले गेले असतील तर तो जीवन ज्योती विमा आहे. त्यात दोन लाख मिळतात, आणि विमा सुरू होऊन पहिले ३० दिवस उलटलेले असतील तर आत्महत्या असली तरी मिळतात. २० रुपये कापलेला विमा अपघाताचा, तो लागू नाही. आयुर्विम्याची पॉलिसी वर्षाहून जुनी आणि चालू असेल तर आत्महत्येचे कारण सांगून पैसे नाकारता येत नाहीत. हे बँकेतला माणूस आपण होऊन सांगेलच असे नाही. विधवेला संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलला करता येतो.

जमिनीचे मात्र सगळ्यांत अवघड. वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्यावा (आता त्याचे नाव ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, काम तेच). हिंदू वारसा कायद्याप्रमाणे नवऱ्याच्या वाट्यात बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई सारख्या हिश्शाच्या वारस असतात. दीर, चुलते, सासरे यांचा त्यात हिस्सा नाही. पण तेराव्याच्या आत "लहान लेकरं आहेत, आमच्या नावावर राहू दे, आम्ही काय परके हावोत?" म्हणत कोऱ्या कागदावर अंगठा घेतला जातो. हे करणारे सावकार नसतात. आपलेच असतात, कधी बिल्ला लावणारेही असतात. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये मराठवाडा-विदर्भातल्या अशा ५०५ बायांची पाहणी केली, तेव्हा सुमारे ४० टक्के जणींना जमिनीचा हक्क मिळालेला नव्हता. शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली तेव्हा गावेच्या गावे बायकोच्या नावाने जमीन करायला निघाली होती. नवरा जिवंत असताना जे जमले ते तो गेल्यावर का जमू नये?

कर्जाचे एक सांगून ठेवतो. बापाचे कर्ज वारसांवर येते ते त्याच्याकडून मिळालेल्या मालमत्तेपुरते. बायकोचे मंगळसूत्र, तिची मजुरी, मुलाची नोकरी त्यात धरता येत नाही. तेव्हा सुतकात दारी येऊन "नवं-जुनं करून टाका" म्हणणाऱ्याला सही द्यायची नाही. सावकाराने जमीन लिहून घेतली असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करता येते.

हे वाचणाऱ्यांत कोणी असा असेल की ज्याच्या मनात आहे, आपण गेलो तर घर तरी सुटेल. भाऊ, वरचा हिशेब पुन्हा वाच. कर्ज जमिनीवर तसेच राहते. हातात येतात ३० हजार, तेही समितीने पात्र ठरवले तर. उलटी पुसायला तुझी कारभारीण आणि कागद फिरवायला तुझी म्हातारी. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. आणि आमच्यापैकी कोणाचेही दार अवेळी वाजव.

सुनेला सहा महिने घराबाहेर पडू द्यायचे नाही ही रीत असेल तर वरचे एकही काम होणार नाही. २१ दिवसांची मुदत सुतक पाळत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि सरकारने इतर गावांनाही तसे करायला सांगितले. आपल्या गावांनी निदान एवढे करावे, की तिला तहसीलला, बँकेत जायला कोणी अडवणार नाही, आणि बरोबर एक बाई जाईल.

लेकरांना काय सांगायचे हे सगळीकडे विचारतात. आमचे मत असे, की खोटे सांगू नये. "बाप गावाला गेला" म्हटलेले पोर दोन दिवसांत शाळेत खरे ऐकते, तेही टोमण्यातून. थोडक्या शब्दांत खरे सांगावे, तुझ्यामुळे झाले नाही हे दहादा सांगावे, आणि शाळेत मास्तरांना आधी भेटून यावे.

या बैठकीपुढे आमचा ठराव आहे. दर गावाने पाच नावे द्यावीत, त्यांत दोन बाया असाव्यात. एकाने ठाणे आणि दवाखाना बघायचा, दोघांनी घर धुवायचे, एकीने घरातल्या बाईबरोबर राहायचे, एकाने कागदांची पिशवी सांभाळायची. शक्यतो त्यांत मयताचा भाऊबंद नसावा, कारण भाऊबंदाला जमिनीचा मोह आणि रडू, दोन्ही असते. तालुक्याला एक पेटी ठेवायची. तिच्यात चार जोड रबरी मोजे, दोन जोड गमबूट, जाड पिशव्या, धुण्याचा सोडा, फावडे आणि कोरे अर्ज. खर्च मोर्चाच्या एका जीपच्या डिझेलपेक्षा कमी आहे, तो आम्ही मोजला आहे. हदगाव, भोकर, औसा आणि रेणापूरच्या पेट्यांचे पैसे कार्यकर्त्यांनी जमवले आहेत. बाकी तालुक्यांनी आपली नावे आणि वर्गणी बैठकीत, चहाच्या आधी, वही फिरेल तिच्यात लिहावी. त्या गावच्या सुनेने आपले नाव पहिल्या पानावर घातले आहे. ती येणार आहे, आणि कपडे कसे धुवू नयेत ते तीच सांगणार आहे.